अक्का, तुझा कासोटा

अक्का,

परवा तुझं दहावं झालं. पाऊस थांबलेला नाही. तुझ्या मागच्या अंगणात, पत्र्याखाली, तुझे काळे रबरी बूट दोन काठ्यांवर उलटे टांगलेले आहेत. दवाखान्यात निघण्याआधी तूच टांगून गेली होतीस, अंगात ताप असताना. मी रोज त्यांत हात घालून बघतो. आतून अजून ओलेच लागतात. वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे हे तूच शिकवलेलं, म्हणून कोंबतो, आणि दुसऱ्या दिवशी ओले बोळे काढून कोरडे घालतो. कुणासाठी, ते विचारू नकोस.

तुला देवनागरी वाचता यायची नाही. तू तमिळ वाचायचीस आणि मराठी फक्त बोलायचीस, तीही जास्त करून माझ्यावर ओरडायला. मी पुण्यात नोकरीला होतो तेव्हा ही लिपी शिकलो, आणि आपल्या तंजावरी मराठीला तिथले लोक हसले तेव्हा तिथली मराठीही शिकलो. हे लिहायला बसलो आणि मनात आलं, तमिळमध्ये लिहिलं असतं तर अक्काला वाचता आलं असतं. मग माझ्याच डोक्याचं मला रडू आलं. पण आपण तमिळमध्ये कधी भांडलो नाही, म्हणून हे मराठीतच लिहितो.

एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती सांगताना मला लाज वाटते. तुला आम्ही नीट नेसवून पाठवलं नाही.

जन्मभर तू कपड्यांवरून लोकांना बोललीस. मला सगळ्यांत जास्त. त्या तुला शेवटचं लुगडं आम्ही जसं जमेल तसं गुंडाळलं. तू उठून बसली असतीस तर आम्हा सगळ्यांना घराबाहेर काढलं असतंस, आणि मला ते फार आवडलं असतं.

भावोजी गेले ते दिवसही असेच ऐन पावसाचे होते. विधवा झालेल्या बहिणीला माहेरच्या माणसानं नवं लुगडं पांघरायचं, त्याला इथं कोडी म्हणतात. आई-अप्पा नव्हते, म्हणजे माहेर म्हणून मी एकटाच. मी तंजावरातून फिक्या रंगाची रेशमी साडी घेऊन आलो. तू ती अंगावर घेतलीस, सगळ्यांदेखत खाली मान घालून बसलीस, आणि बायका उठून गेल्यावर मला जवळ बोलावलंस. मला वाटलं आता गळ्यात पडून रडशील.

"मोहना, हे पट्टू नेसून मी वयलांत कशी उतरूं रे?" तू म्हणालीस. "भात उभं आहे. पाणी कोण काढील? मला बूट आणून दे. रबराचे. गुडघ्यापर्यंत येतात की, ते."

मी तुझ्या तोंडाकडे बघतच राहिलो. नवऱ्याला जाऊन आठवडा झाला नव्हता, आणि ही बाई भाताच्या शेतात उतरायची भाषा करत होती. पण तुझा मुलगा श्रीधर तेव्हा शिकत होता आणि शेत बघायला दुसरं कुणी नव्हतं. अख्ख्या तंजावरात बायकांच्या मापाचे बूट मिळाले नाहीत. पुरुषांचे सगळ्यांत लहान आणले. तू पुढे चिंध्या कोंबल्यास, घालून अंगणात चार फेऱ्या मारल्यास आणि म्हणालीस, "सेरी. हे बरं झालं." त्या दिवसांत तुझ्या तोंडून आलेला तेवढाच एक चांगला शब्द.

मग तू कपाटातून आईची नऊवार लुगडी काढलीस. गावात तोवर सगळ्याजणी सहावारीवर आल्या होत्या. आपल्यातल्या म्हाताऱ्या गेल्या, आणि अग्रहारातल्या नऊवार नेसणाऱ्या तमिळ मामी मुलांकडे चेन्नईला निघून गेल्या. कासोटा घालून नेसणारी तू एकटी उरलीस, आणि तीही देवाधर्मासाठी नव्हे, चिखलासाठी. सहावारीचा घोळ ओला झाला की पायांत अडकतो, कासोट्यानं पाय मोकळे राहतात, हे तू मला इतक्यांदा ऐकवलंस की जणू मीच साडी नेसून शेतात जाणार होतो. लुगडं पोटरीपर्यंत वर. त्यावर भावोजींचा चौकड्यांचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, कफ एकदाच दुमडलेला, दोनदा दुमडला तर गबाळं दिसतं म्हणून. डोक्याला त्यांच्याच धोतराची लाल काठाची पट्टी, कानांत आईच्या मोत्याच्या कुड्या. खाली गडद रंग, चिखल दिसू नये म्हणून. वर उठून दिसणारा रंग, आपण दिसावं म्हणून. आणि काठ घोट्याच्या कितीतरी वर. लुगड्याच्या काठाला चिखल लागलेला मी तुझ्या अंगावर कधी पाहिला नाही, खरंच नाही.

आत्यानं तुला तशी पाहिली तेव्हा ती दिवाळीला आली होती. ती दारातच थांबली. "हे काय सोंग गे? विधवा बाईनं नवऱ्याची सट्टै घालून बाहेर पडायचं?"

"सोंग नव्हे, आत्या," तू बुटांतला चिखल काठीनं खरवडत म्हणालीस. "सहावारींत पाय अडकून बांधावरून पडले तर उचलायला तूं येशील की?"

आत्या तुझ्याशी दोन सण बोलली नाही. तिसऱ्या सणाला तिनं हळूच विचारलं, हे बूट कुठं मिळतात म्हणून. ते आठवलं की मला अजून हसू येतं, आणि मग हसू आल्याचा राग येतो.

रेनकोटावरून तर आपण एक अख्खा पावसाळा भांडलो. मी चांगला महागाचा राखाडी आणला होता. तू तो हातात धरलास, बाहेरच्या आभाळाशी लावून बघितलास आणि परत दिलास. "हा पावसाच्याच रंगाचा आहे. मला साप चावून मी वयलांत पडले तर तुला सांपडायची कशी? पिवळा आण." मी म्हणालो, पिवळा शाळेतल्या पोरांचा असतो. तू म्हणालीस, "मग शाळेंतल्या पोराचा आण, माझ्या अंगाला येईल." आणला. आला. त्या पिवळ्या ठिपक्याकडे मी पुलावरून बघायचो. मोपेडवरून येताना कालव्याच्या पुलावर आलं की हिरव्या भातात दूरवर तो ठिपका हलताना दिसायचा, आणि मला बरं वाटायचं. कधी बोललो नाही तुला. त्या दिवशी तुला दवाखान्यातून घेऊन परत येताना, गाडीतून, मी सवयीनं पुलावर डावीकडे बघितलं.

तुझं माझं खरं भांडण थंडीवरून होतं. मी पुण्याहून परत आलो तो मोठा थंडीचा अनुभव घेऊन. मार्गळीच्या महिन्यात पहाटे धुकं पडायचं, तू शर्टावर स्वेटर चढवायचीस, आणि मी चेष्टा करायचो. "अक्का, ह्याला कोण थंडी म्हणतं? इथं पंखा लागतो. पुण्याला ये, मग दाखवतो थंडी."

"तुझी पुण्याची थंडी कोरडी," तू म्हणायचीस. "ती आंगावरून जाते. ही ओल आहे रे. ही हाडांत जाऊन बसते आणि ऊठ म्हटलं तरी उठत नाहीं."

"ओल म्हणजे ओल. थंडी म्हणजे थंडी."

"ओल्या कपड्यांत घटकाभर उभा राहून बघ, मग सांग."

पण राहू कुठं दिलंस? मी भिजून आलो की पाय उंबऱ्यात पडायच्या आधी माझ्या तोंडावर तुंडु यायचा, तो जाडा टॉवेल. "आधीं डोकं पूस, मग बोल." मग भावोजींचा धुतलेला कोरडा शर्ट, मग कॉफी. मला काही महत्त्वाचं सांगायचं असलं तरी ऐकायची नाहीस. माझी बढती तू मी डोकं पुसल्यावर ऐकलीस. माझ्या बायकोला, लताला, दिवस गेल्याचं तू मी शर्ट बदलल्यावर ऐकलंस, आणि मग मलाच ओरडलीस, इतका वेळ सांगितलं का नाही म्हणून. ओल्या कपड्यांत कुणी उभं राहिलेलं तुला बघवायचं नाही. तुझ्याबरोबर शेतात राबणाऱ्या अंजलैच्या घरी तर तू जुने शर्ट गठ्ठ्यानं पाठवायचीस. ती आणि तू एकाच बांधावर पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन डबा खायला बसायच्यात, आणि तुम्हा दोघींच्या अंगावर भावोजींचेच शर्ट असायचे. माझ्यावर एवढी माया दुसऱ्या कुणी केली नाही, अक्का. मला ती माया टॉवेलच्या रूपानं तोंडावर बसायची, म्हणून कळायला वेळ लागला.

आता त्या कासोट्याचं.

तुझ्या गावात स्मशानाची वाट कालव्याच्या बांधावरून जाते. पावसात ती वाट म्हणजे नुसता चिखल. भावोजींना नेलं तेव्हा त्यांच्या अंगावरच्या वस्त्राचा काठ ताटीवरून सुटला आणि चिखलात लोळत गेला. बायका स्मशानात येत नाहीत. तू दारात उभी राहून, वाट वळेपर्यंत, ते बघितलंस. आम्हाला पत्ताही नव्हता. कितीतरी पावसाळ्यांनंतर, आपण भात वाळत घालत होतो तेव्हा, तू सहज म्हणाल्यासारखं म्हणालीस, "मोहना, मी गेले की माझीही कोडी तूंच आणशील. नऊवार आण, गडद रंगाची. आणि मला कासोटा घालून न्या. त्यांचं झालं तसं लोळवत नेऊं नका."

मी म्हणालो, काहीतरीच बोलू नको.

"काहींतरी नव्हे. हो म्हण."

मी हो म्हणालो.

माझ्या मुलीला, जानकीला, तू ते नेसायला शिकवायला बघत होतीस. रविवारी आम्ही आलो की तू आतल्या खोलीत नेसायचीस आणि दार लोटून मोठ्यानं सांगत राहायचीस. जानकी ओट्यावर फोन घेऊन बसलेली असायची. तिला आपली मराठी कळते पण बोलायला अडखळते, त्यामुळे ती नुसतं हं हं करायची. "जानकी, ऐकते आहेस की? आधीं कमरेला गांठ. डाव्या बाजूला थोडं, उजव्या बाजूला पुष्कळ. मग पदराचं मागून फिरवून पुढं आण. मग मध्यें निऱ्या. बारीक नको, हाताच्या मापाच्या." ऐकायचो मी. पेपर वाचताना, शेंगा सोलताना, तुझा आवाज दाराआडून यायचा आणि माझ्या डोक्यात बसायचा. आणि मग शेवटी तुझा आवाज बंद व्हायचा. तू बाहेर यायचीस तेव्हा तोंडात सेफ्टी पिन धरलेली असायची, हात पाठीमागे असायचे, आणि कासोटा बसलेला असायचा. तोंडात पिन, मग सांगणार कशी? निऱ्यांचं खालचं टोक पायांतून मागे घेऊन तू ते कमरेत नेमकं कसं घडी करून खोचायचीस, की दिवसभर वाकून, चढून, उतरूनही ते सुटायचं नाही, तेवढं एक तू कधी बोलून दाखवलं नाहीस. जानकी म्हणायची, पोंगलच्या सुट्टीत शिकते. पोंगल यायचाच आहे अजून.

मी नऊवार आणलं, अक्का. तुला गाडीत ठेवायच्या आधी, दवाखान्याच्या दारातून थेट दुकानात जाऊन आलो. गडद हिरवं, मोहरीच्या रंगाचा काठ. राखाडी नाही आणलं. दुकानदारानं विचारलं, लग्नाचं का म्हणून. मी हो म्हणालो. काय सांगणार?

तुला आंघोळ घातली. माझी लता, श्रीधरची बायको विद्या, जानकी आणि अंजलै आत होत्या. थोड्या वेळानं लता बाहेर आली आणि म्हणाली, "कुणाला येत नाहीं. सहावारीसारखं नेसवूं?" मी नाही म्हणालो. मी दारात गेलो आणि तुझ्याकडे पाठ करून चौकटीत उभा राहिलो. समोर पाऊस. आणि मी सुरू केलं, तुझ्याच शब्दांत, कारण दुसरे शब्द मला येत नव्हते. आधी कमरेला गाठ. डाव्या बाजूला थोडं, उजव्या बाजूला पुष्कळ. मागे चौघी तुला एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर करत होत्या. मला त्यांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. पदराचं मागून फिरवून पुढं. हाताच्या मापाच्या निऱ्या. जानकी रडत होती आणि मी सांगितलेलं सगळं करत होती, आणि आपल्या मराठीत, न अडखळता, एकेक विचारत होती. आयुष्यात इतकं सलग ती आपल्या भाषेत पहिल्यांदाच बोलली.

"निऱ्या झाल्या, अप्पा. मागें घेतलं. पुढं?"

मी समोरच्या पावसाकडे बघितलं.

"अप्पा, पुढं काय?"

पुढं तुझ्या तोंडात पिन होती, अक्का.

मी म्हणालो, खोचा. नीट घट्ट खोचा. तिनं विचारलं, घडी कशी, आत की बाहेर? मी म्हणालो, माहीत नाही. विद्यानं फोनवर कुठं दाखवतात का ते बघायला घेतलं, पण पावसानं रेंज गेली होती, आणि तसंही ते उभ्या बाईला नेसवायचं दाखवतात. बाहेरून भटजींनी आवाज दिला, पुन्हा पाऊस वाढायच्या आत निघायला हवं. आतल्या चौघींनी तो कासोटा जिथं बसला तिथं खोचला. मी वळून बघितलं तेव्हा तू छान दिसत होतीस. कुड्या होत्या कानांत. पाय मोकळे. क्षणभर मला वाटलं, जमलं.

श्रीधर मडकं घेऊन पुढे होता. मागच्या डाव्या खांद्याला मी होतो. बांधावर आलो आणि चौघांचे पाय घसरायला लागले. अर्ध्या वाटेवर ताटी कलली, सावरली, आणि त्या हिसक्यानं ती खोच सुटली. आधी थोडा काठ खाली आला, मग घोळ आला. मोहरीचा काठ माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या हाताएवढ्या अंतरावर, चिखलाला लागला. मी दोन्ही हातांनी बांबू धरला होता. एक हात सोडला असता तर तू पडली असतीस. मी ओरडून सांगितलं, थांबा, तिचं लुगडं! पुढच्यांना पावसात ऐकू गेलं नाही, की ऐकून न ऐकल्यासारखं केलं, माहीत नाही. मी तो काठ तसाच बघत चाललो. प्रत्येक पावलाला तो जड होत होता. घराच्या दाराकडे मी वळून बघितलं नाही, कारण तिथं जानकी उभी असणार आणि तिला ते दिसत असणार हे मला माहीत होतं.

स्मशानातल्या पत्र्याखाली तुला ठेवल्यावर मी वाकून ते वर घ्यायला गेलो. काठ पिळला, चिखल हातानं पुसला, आणखीच पसरला. भटजी म्हणाले, राहूं द्या आतां, काय फरक पडतो? मी पुन्हा वाकलो. खोचायला गेलो तर ओलं कापड हातात राहीना. मग त्यांनी लाकडं ठेवायला घेतली.

लोक मला समजावतात, आत्म्याला कपडे नसतात, गेलं ते गेलं. मला हे सगळं माहीत आहे आणि त्याचा काही उपयोग नाही. तू माझ्याकडून एकच गोष्ट हो म्हणून वदवून घेतली होतीस. आता ते लुगडं नाही, ती खोच कुणाला येत नाही, आणि पुढच्या रविवारी त्या दाराआडून कुणी काही सांगणार नाही. श्रीधर म्हणतो शेत खंडानं देऊ. देईल. मी अडवणार नाही. त्या पुलावरून मला आता मान वळवायची नाही.

तुला अग्नी दिल्यावर आम्ही कावेरीत बुडी मारली. रीत तशी आहे, ओल्या धोतरानं घरापर्यंत यायचं, मधे पुसायचं नाही. पाऊस होताच. मी तुझ्या मागच्या दारात येऊन उभा राहिलो, तुझ्या बुटांशेजारी. आत सगळे काहीबाही करत होते. डोक्यावरून पाणी गळत होतं, दात वाजत होते, ते मला थांबवता येईनात, आणि मी तिथं घटकाभर तसाच उभा राहिलो, कारण तोंडावर टॉवेल आलाच नाही. अक्का, तू म्हणत होतीस ते खरं. इथं थंडी असते.